पाच गुणांचा प्रश्न

आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही पर्यावरणाचा एक पेपर असतो. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र हे आमचे घरचे विषय. हा आपला पाहुणा. आला की चहापाणी करायचे आणि गेला की विसरायचे, असा आमचा त्याच्याशी व्यवहार. गेल्या वर्षी या पेपरात एक प्रश्न होता : ‘परिसंस्थेतील ऊर्जेचा प्रवाह आणि पोषकद्रव्यांचे चक्र यांतील फरक स्पष्ट करा. (गुण ५)’ मी लिहिले, ‘ऊर्जा एकाच दिशेने वाहते, पोषकद्रव्ये मात्र चक्राकार फिरत राहतात.’ खाली सूर्य, गवत, ससा आणि कोल्हा काढून बाण दाखवले. पाचांपैकी चार गुण पडले. राहिलेला एक गुण कोठे गेला, याचा मी तेव्हा विचारही केला नाही. तो मला या डिसेंबरात आमच्या उसाच्या रानात सापडला. त्याचीच ही हकीकत.

आमचे रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठापासून थोडे आत आहे. त्यातला एक एकर ऊस डिसेंबरच्या सुरुवातीला तुटून गेला. तोडकऱ्यांची टोळी पुढच्या फडाकडे वळली. वाढे जनावरांच्या पुढे पडले, आणि रानात राहिले ते गुडघाभर वाळके पाचट. रविवार होता म्हणून मी रानात गेले होते. पाहते तो आप्पा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे आणि हातात काड्यापेटी. ऊस तुटला की पाचट पेटवायचे, ही आमच्याकडची ठरलेली रीत. पण त्या दिवशी पेपरातले ते बाण कोठून डोक्यात आले कोण जाणे, मी म्हणाले, “आप्पा, नका पेटवू.”

“मग काय करू? पाण्याला वाट ऱ्हात न्हाई, उंदरं व्हत्यात,” आप्पा म्हणाले. “आणि तीन वर्सामागं ठिवलं हुतं की! खोडवा पिवळा पडला, इसरलीस व्हय?”

विसरले नव्हते. त्या वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून आप्पांनी पाचट राखले होते आणि फुटलेला खोडवा महिनाभर कावीळ झाल्यासारखा उभा होता. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, काड्यापेटी खिशात टाकली आणि म्हणाले, “फुडल्या ऐतवारापत्तूर थांबतो. तवर सांग काय ते. न्हाईतर पेटवणार.”

तो आठवडा मी ग्रंथालयात, आणि विज्ञान शाखेच्या मैत्रिणींना प्रश्न विचारून त्रास देण्यात घालवला. पुढे जे लिहिले आहे ते त्या आठवड्याचे फळ आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यात नवे काही वाटणार नाही. पण पुस्तकातल्या सशाच्या आणि कोल्ह्याच्या जागी आपल्या रानातला ऊस ठेवून पाहिला, की तेच ज्ञान किती वेगळे दिसते, एवढेच मला सांगायचे आहे.

ऊर्जेपासून सुरुवात करू. उसाच्या पानावर ऊन पडते. त्या उन्हाच्या बळावर पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढून आणलेले पाणी यांची साखर तयार करते. हे सगळ्याच हिरव्या वनस्पती करतात, पण ऊस त्यात विशेष वाकबगार. हवा आत घेण्याची आणि तिच्यातला कार्बन धरण्याची त्याची रीतच निराळी आहे. हवाई बेटांतील ऊस संशोधकांना तिचा सुगावा आधी लागला आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक या दोघांनी ती रीत उलगडून दाखवली. आपली ज्वारी आणि मका हे या बाबतीत उसाचे भाऊबंद. कडक उन्हात ही पिके इतरांपेक्षा जोमाने काम करतात, ती यामुळेच. तरीसुद्धा वर्षभर रानावर पडणाऱ्या उन्हाचे १०० भाग केले, तर उसाच्या अंगी लागतात ते जेमतेम एक-दोन भाग. बाकीचे रान तापवण्यात, पाणी उडवण्यात आणि परत आकाशात जाण्यात खर्च होतात.

पुढच्या प्रत्येक पायरीवर ही गळती चालूच राहते. ती मोजण्याचे काम ज्या तरुणाने केले, त्याची कथा आम्हां विद्यार्थ्यांना चटका लावणारी आहे. रेमंड लिंडमन हा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातला संशोधक. सीडर बॉग नावाच्या एका लहानशा तळ्यावर त्याने अनेक वर्षे काढली. तळ्यातले शेवाळ, ते खाणारे सूक्ष्म प्राणी, त्यांना खाणारे मोठे प्राणी, या सगळ्यांची मोजदाद करून त्याने प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा पोचते याचा हिशेब मांडला. आधीच्या पायरीवरची ऊर्जा पुढे सरकताना साधारण दहावा हिस्साच उरतो, असे आज आपण ढोबळमानाने शिकतो, त्या विचाराचे मूळ या हिशेबात आहे. त्याचा निबंध आधी नाकारला गेला होता. १९४२ च्या अखेरीस तो छापून आला, तेव्हा लिंडमन हयात नव्हता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात, वयाच्या २७ व्या वर्षी, तो आजाराने वारला होता.

तर ऊर्जा खर्च होते ती कायमची. आपण चहात साखरेचा चमचा टाकतो. त्या साखरेत उसाने साठवलेले ऊन असते. ते आपल्या अंगात ऊब होऊन राहते, हातापायांना बळ देते आणि शेवटी उष्णता होऊन हवेत निघून जाते. ती उष्णता गोळा करून पुन्हा उसाला देता येत नाही. त्यासाठी उद्या सूर्यालाच पुन्हा उगवावे लागते. हा निसर्गाचा नियम आहे; त्याला अपवाद नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही, कारण सूर्य रोज न मागता उगवतोच.

आता दुसरी बाजू. आमचे आबा, म्हणजे आजोबा, नेहमी म्हणत, “ऊस रान खातो.” मी ते खरे मानून चालले होते. पण साखरेचे रसायनशास्त्र पाहिले आणि चकित झाले. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. बस्स. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. कार्बन हवेतला, हायड्रोजन पाण्यातला, ऑक्सिजनही त्या दोघांतलाच. म्हणजे पांढऱ्या साखरेच्या पोत्यातून आमच्या मातीचे जवळजवळ काहीच बाहेर जात नाही! आम्ही विकतो ते हवा, पाणी आणि ऊन. मग रान खाल्ले जाते ते कोठे?

याचा शोध घ्यायचा तर मोळीच्या मागोमाग कारखान्यात जावे लागते. आमचा एकरी ऊतारा ४० टन धरा. त्यातून साखर निघते ४ टनांहून थोडी अधिक. भुस्सा निघतो ११-१२ टन. तो बॉयलरमध्ये जळतो आणि त्याची राख उरते. रस स्वच्छ करताना चुन्याबरोबर जो गाळ खाली बसतो, तो प्रेसमड, टन-दीड टन. रसातल्या स्फुरदाचा मोठा वाटा या गाळात अडकतो. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर काळी दाट मळी उरते, तीही दीड टनाच्या आसपास. रसातला पालाश मुख्यतः या मळीत जातो आणि मळीपासून मद्यार्क काढल्यावर आसवनीच्या सांडपाण्यात उतरतो. म्हणजे उसाने मातीतून उचललेले जे काही मोळीबरोबर कारखान्यात गेले, ते साखरेखेरीज इतर सगळ्या वाटांनी बाहेर पडते. प्रेसमडचे खत होऊन रानात आले, तर चक्र पुरे झाले. तेच सांडपाणी प्रक्रिया न होता ओढ्यात गेले, तर चक्र तुटले. अणू तेच, वजन तेच. फक्त पत्ता चुकला.

पत्ता चुकलेले खत गुण मात्र सोडत नाही. रानातून वाहून गेलेले नत्र आणि स्फुरद, गावाशहरांचे मैलापाणी, हे सारे नदीत एकत्र आले की पाण्यालाच पीक येते. पंचगंगेवर पसरणारी जलपर्णी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. ती हिरवीगार चादर म्हणजे कोणाच्या तरी रानाची उपासमार आहे, असे त्यावेळी आपल्या मनात येत नाही. पुढे ती कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो आणि मासे तळमळून मरतात.

आबांच्या तरुणपणी आमच्या वाडीत गुऱ्हाळ होते. तेव्हाचे चक्र लहान होते. रस काहिलीत, चिपाडे चुलवाणात, चुलवाणाची राख उकिरड्यावर, वाढे बैलांच्या पुढे आणि शेण पुन्हा उकिरड्यावर. गूळ साखरेइतका निर्मळ नसतो. त्याच्याबरोबर थोडी खनिजे बाजारात जात. पण बाकीचे फिरून त्याच रानात येई. तो काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. काहिलीच्या धगीपाशी रात्री काढणाऱ्या माणसांना तो तसा वाटलाही नसेल. पण तेव्हा चक्र डोळ्यांना दिसत होते. आज ते दोन-तीन तालुक्यांएवढे मोठे झाले आहे आणि मधला कोणता दुवा निखळला हे बांधावरून दिसत नाही.

एक दुवा मात्र बांधावरूनच दिसतो, आणि तो आपल्याच हातात असतो. तो म्हणजे पाचट. मोळीबरोबर जे कारखान्याला गेले ते गेले. पाचट तर आपल्याच रानात पडलेले. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे एकरी साधारण ३ ते ४ टन. त्यात अर्धा टक्का नत्र, त्याहून कमी स्फुरद, पाऊण ते एक टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. आमच्या एकराचा हिशेब केला, तर १५ ते २० किलो नत्र झाले. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात २० किलोंहून थोडे अधिक नत्र असते. म्हणजे आप्पा काडी लावणार होते ती जवळजवळ एका युरियाच्या पोत्याला आणि टनभराहून अधिक सेंद्रिय कर्बाला! पालाश आणि स्फुरद बरेचसे राखेत उरतात. पण ती राख वाऱ्यावर उडते, आणि नत्र व कर्ब तर धुराबरोबर केव्हाच गेलेले असतात.

नत्र हवेत गेले तर बिघडले काय, हवेत तर ते मुळातच ७८ टक्के आहे, असे कोणी म्हणेल. पण इथेच खरी मेख आहे. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की उसाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. नत्राच्या समुद्रात उभा राहून तो नत्रासाठी उपाशी असतो. ती मिठी सोडवण्याची विद्या निसर्गात काही जिवाणूंना साधली आहे. हरभरा, भुईमूग, ताग यांच्या मुळांवरच्या गाठींत त्यांतले काही राहतात. माणसाला ती विद्या फार उशिरा आली. फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ती प्रयोगशाळेत करून दाखवली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये ओपाऊ येथे तिचा कारखाना उभा केला. त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दाबाच्या २०० पटींच्या आसपास दाब लागे. आजही युरिया बनवायला असाच खटाटोप करावा लागतो. आपल्या देशात त्यासाठी मुख्यतः नैसर्गिक वायू खर्ची पडतो. म्हणजे पाहा : पाचटातले नत्र आम्ही काडी लावून हवेत पाठवतो, आणि मग तसलेच नत्र वायू जाळून हवेतून खाली उतरवतो, पोत्यात भरतो आणि पैसे देऊन विकत आणतो. ज्या ऊर्जेला परत येणे ठाऊक नाही ती खर्च करायची, आणि ज्या नत्राला परत येता येते त्याला येऊ द्यायचे नाही, असा हा उफराटा व्यवहार आहे.

इथवर आले आणि मला वाटले, आप्पांना सांगायला आता पुष्कळ झाले. पण पिवळ्या खोडव्याचा प्रश्न होताच. आप्पांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट पुस्तकाने खोटी कशी ठरवायची? ती खोटी नव्हतीच. शोधता शोधता त्याचेही कारण सापडले, आणि मला वाटते, या साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

पाचट आपोआप कुजत नाही. त्याला जिवाणू आणि बुरशी खातात. त्यांना ऊर्जा लागते ती पाचटातल्या कर्बातून मिळते. पण नुसत्या कर्बावर त्यांचे शरीर बनत नाही; त्यासाठी नत्रही लागते. कर्बाचे २५ भाग असतील, तर नत्राचा एक भाग असावा, म्हणजे त्यांचे जेवण पोटभर होते. पाचटात हे प्रमाण सत्तरास एक, असे काहीतरी असते. ताटात भाकरीची चवड आणि कालवण बोटभर, अशी ती पंगत! मग हे जिवाणू कालवणासाठी शेजारी हात पसरतात, म्हणजे मातीतले नत्र उचलतात. आणि नेमके तेच नत्र कोवळ्या खोडव्याला हवे असते. त्या ओढाताणीत खोडवा पिवळा पडतो. ते नत्र नाहीसे झालेले नसते. जिवाणूंनी ते उसने घेतलेले असते. पाचट कुजून संपत आले, जिवाणूंची उपासमार होऊन ते मरू लागले, की ते उसने परत मातीत पडते. पण तोवर आप्पांसारख्या शेतकऱ्याचा धीर सुटलेला असतो.

यावर कृषिशास्त्राने सांगितलेला उपाय साधा आहे. पाचट सरीत नीट दाबून घ्यायचे, एक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे एक किलो जिवाणूखत टाकायचे, आणि पाणी द्यायचे. उसाचे खत पाचटावर न फेकता पहारीने बुडख्याजवळ भोक पाडून मातीत द्यायचे. म्हणजे जिवाणूंची पंगत वेगळी आणि उसाची वेगळी. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाचट ठेवले होते. जिवाणूंना वाढायचे विसरलो होतो.

राहिले पाणी. त्याचे चक्र आपण शाळेपासून शिकतो : समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, समुद्र. आमच्या उसाचे पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे; नदीतून, विहिरीतून ते सरीत येते. ऊस पितो त्यातले ९९ भाग पानांवाटे वाफ होऊन निघून जातात. उसात राहतो तो जेमतेम एक भाग. पाटाने दिलेले पाणी वर्षभरात एकरी एक कोटी लिटरच्या घरात जाते. त्यातून साखर निघते ती ४ टनांहून थोडी अधिक. म्हणजे एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरपेक्षा जास्त पाणी. यातले बरेचसे नाहीसे होत नाही, वाफ होऊन कोठेतरी पाऊस म्हणून पडते, हे खरे. पण ते आमच्याच रानावर पडेल असे नाही. दुष्काळी भागातला माणूस उसाकडे बोट दाखवतो, त्याचे कारण हेच.

परंतु पाण्याची आणखी एक खोड आहे, ती शाळेच्या चित्रात नसते. नदीचे, विहिरीचे पाणी येते तेव्हा विरघळलेले क्षार घेऊन येते. आणि वाफ होऊन जाते तेव्हा एकटे जाते. सामान येथेच टाकून जाते. एका लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरले, तर एक कोटी लिटर पाण्याबरोबर ५ टन क्षार एका एकरात येतात. पावसाने आणि निचऱ्याने ते खाली धुवून गेले तर ठीक. पण काळ्या भारी जमिनीत निचरा कमी. त्यात पाणी अति झाले की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते आणि उन्हाने वरचे पाणी उडून पांढरे मीठ फुटते.

हे काही नवे दुखणे नव्हे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास वाहू लागले आणि पंचवीस वर्षांतच त्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करण्याची वेळ आली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये त्याविषयी लिहिले. आमच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मान ठाऊक असतात ते पिंपळे सौदागर या गावाच्या १९१७ च्या पाहणीमुळे. सांगली-कोल्हापूर भागात हेच दुखणे पुढे पसरले. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला १० गुंठ्यांवर असेच मीठ फुटले आहे. तेथे ऊस उगवतो तो कमरेपर्यंत येऊन थांबतो. लहानपणी मी त्या पांढऱ्या पापुद्र्यावर काडीने नाव लिहीत असे. ते रान मरते आहे हे तेव्हा कळत नव्हते.

आणि इथे पुन्हा पाचट आठवते. पाचटाने झाकलेल्या जमिनीतून पाणी कमी उडते. पाणी कमी उडाले की पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात आणि क्षारही वर कमी चढतात. म्हणजे आप्पांच्या काडीपुढे नुसते नत्र नव्हते. जिवाणूंची ऊर्जा, पिकाचे अन्न आणि रानातली ओल या तिन्ही गोष्टी त्या एका वाळक्या पसाऱ्यात पडलेल्या होत्या.

ठरलेल्या रविवारी मी हे सारे आप्पांना माझ्या परीने सांगितले. रेणू आणि अणू गाळले. पंगतीची गोष्ट तेवढी सांगितली. आप्पांनी ऐकून घेतले आणि नेमक्या जागी बोट ठेवले, “म्हंजी युरिया वाचवायला आदी युरियाच टाकायचा?”

मी म्हणाले, “उसना द्यायचा, आप्पा. बुडत नाही, परत येतो.”

“उसनं दिल्यालं कवा परत येतं, ते मला नगं सांगू,” आप्पा म्हणाले, आणि हसले. मग त्यांनी निवाडा दिला : अर्धा एकर माझा, अर्धा त्यांचा. त्यांच्या अर्ध्यात त्यांनी त्याच दुपारी काडी टाकली. माझ्या अर्ध्यात आम्ही दोघांनी आणि आईने मिळून पाचट सरीत दाबले. आणि आगीची झळ इकडे येऊ नये म्हणून मध्ये चार हात पट्टा मोकळा ठेवला.

हा लेख लिहिते आहे तेव्हा मार्च सुरू झाला आहे. पहिला महिना आप्पांचा खोडवा माझ्यापेक्षा तजेलदार होता, हे मला मान्य केले पाहिजे. आता दोन्ही सारखे दिसतात. माझ्या सरीतले पाचट हाताने वर उचलले की खाली ओल असते, पाचट काळे पडून मोडते आणि कोठे कोठे गांडूळ दिसते. पाण्याची पाळी माझ्याकडे दोन-चार दिवस लांबली तरी चालते, हे आप्पांनी स्वतःहून सांगितले. वजन कोणाचे जास्त भरेल ते पुढच्या तोडणीला काट्यावर कळेल. एका वर्षात जमीन सुधारत नाही, हेही मी वाचले आहे. तेव्हा माझा पराभव झाला तरी मी भांडणार आहे. त्या १० गुंठ्यांचे मात्र आमच्या दोघांच्याही हातात नाही. जमिनीखाली निचऱ्याचे नळ घालायचे, तर शेजारच्या चार-सहा रानांतून पाणी ओढ्यापर्यंत न्यावे लागेल. पाणी बांध मानत नाही, आणि आपण बांधाशिवाय दुसरे काही मानत नाही. त्यासाठी गावाला एकत्र बसावे लागेल.

आता तो राहिलेला एक गुण. माझे उत्तर चुकले नव्हते, पण अपुरे होते. ऊर्जा एकाच दिशेने वाहते, हा नियम आहे. तो कोणाला मोडता येत नाही. पोषकद्रव्ये चक्राकार ‘फिरत राहतात’, हे मात्र मी उगीच गृहीत धरले होते. ती फिरू शकतात, एवढेच खरे. जंगलात पान गळते तेथेच कुजते, म्हणून तेथे ती फिरतात. आपण जेथे पीक काढतो, विकतो, जाळतो आणि वाहून जाऊ देतो, तेथे ती कोणीतरी फिरवावी लागतात. नाहीतर तीही उन्हासारखी एकदाच येतात आणि निघून जातात. फरक इतकाच, की ऊन उद्या पुन्हा येते.

पुन्हा तोच प्रश्न आला, तर मी ससा आणि कोल्हा काढणार नाही. एक सरी काढीन, तिच्यात पाचट काढीन, आणि बांधावर काड्यापेटी घेतलेला एक माणूस काढीन. चक्राचा बाण पुरा करायचा की नाही, ते त्या माणसावर अवलंबून आहे, असे खाली लिहीन.